तळाशी, मोज्याच्या आत

“या पिशवीला तळ तरी आहे का,” माझ्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आई पुटपुटते. “सगळं सापडतं. हवं ते सोडून.”

मित्रांनो, हे मी रोज ऐकते. कधी बसथांब्यावर, कधी दाताच्या दवाखान्यात, कधी दारातच, आईच्या एका पायात चप्पल आणि दुसरी पलंगाखाली असताना. मला तळ आहे. चांगला दुहेरी कापडाचा आहे, आणि त्यावर काय ठेवलंय हे मला त्या हाताआधी ठाऊक असतं. पण सांगणार कशी? गेली नऊ वर्षं मी नुसती उघडते, ऐकते आणि मिटते. आता खरंच थकले आहे.

मी खाकी रंगाची, खांद्याला अडकवायची कॅनव्हासची पिशवी. माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बारा शिलाई यंत्रं एका रांगेत होती आणि खिडकी एकच होती. मला शिवणाऱ्या बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर असायचा. पट्टा जिथे अंगाला जोडतात तिथे त्या आधी चौकोन शिवत आणि मग त्यात फुली मारत. मुकादम यायचा आणि कुरकुरायचा, “फुली कशाला? उगाच दोरा जातो.”

“तुमच्या घरी लहान मूल आहे का?” बाई विचारायच्या.

“नाही.”

“मग पुढच्या यंत्रावर बघा.”

आणि फुली मारायच्या. त्या फुलीवर मी आजवर लटकते आहे.

दुकानात आई-बाबा मला विकत घ्यायला आले तेव्हा आईच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. ती मुठीत सापडेल ते घट्ट धरून ठेवायची आणि सोडायची नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. बाबांच्या हातात एक चकचकीत, ताठ, सोनेरी बकलांची बॅग होती. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यांना चकचकीत वस्तूंची सवय आहे.

“ही बघ. चारचौघांत शोभून दिसेल.”

“चारचौघांत ही रडायला लागली की तू शोभा बघत बसणार का?” आई म्हणाली, आणि तिने मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, मला असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तिने एका हाताने माझी चेन उघडली आणि लावली, कारण दुसरा हात मुंगीत अडकला होता. मला उलटी करून आतली शिवण बघितली. जमिनीवर ठेवून बघितलं, मी उभी राहते की तोंडावर पडते. मग आपली पाण्याची भरलेली बाटली आत टाकून मला खांद्याला लावून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. माझं अस्तर पिवळं आहे, ते तिला फार आवडलं. “आत काळोख असला की किल्ली काय, मूल हरवलं तरी सापडायचं नाही,” असं ती म्हणाली.

दुकानदार कंटाळला. “ताई, पिशवी घेताय की जावई बघताय?”

“दोन्हीकडे एकच बघायचं असतं,” आई म्हणाली. “ओझं पेलेल का.”

मी पेललं. सुरुवातीला दुपटी, दुधाची बाटली, सुके कपडे आणि ओले कपडे वेगवेगळे. मग बिस्किटं, केळी, पट्ट्या, मलम, छत्री. मुंगी चालायला लागल्यावर दगड. तिला प्रत्येक दगड घरी न्यायचा असायचा. मग ढब्बू झाला. तो नावाप्रमाणेच गोल होता आणि त्याच्याबरोबर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. घरातल्या प्रत्येकाचं एकच वाक्य होतं, “आईच्या पिशवीत टाक.” बाबांची किल्ली, मावशीचा मोबाईल, ढब्बूने अर्धवट चोखलेली गोळी. बसथांब्यावर अनोळखी बायका विचारायच्या, “कुठून घेतलीत हो? मजबूत दिसते.” तेव्हा आई मला जरा पुढे सरकवायची. तेवढं कौतुक मला महिनाभर पुरायचं.

एकदा मला दाराआड, जुन्या वायरींच्या ढिगात टाकलंही होतं. ढब्बूच्या वेळी बाबांनी एकोणीस कप्प्यांची नवी बॅग आणली. आई रोज सकाळी कुठल्या कप्प्यात काय ठेवलं ते आठवत उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात त्या बॅगेच्या पट्ट्याची कडी भर रस्त्यात तुटली आणि सफरचंदं चाकांखाली गेली. मला जुन्या वायरींतून बाहेर काढण्यात आलं. बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझी चेन बदलली, खाली चामड्याचा तुकडा लावला आणि म्हणाले, “ही मरायची नाही, ताई. तुम्हीच कंटाळाल.”

तोवर माझं ओझं केवळ वजनाचं होतं. ते मी कितीही उचललं असतं.

मुंगी सहा वर्षांची असताना तिला खोकला लागला तो जाईचना. धावली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आई पोस्टात खिडकीवर बसते. अर्धा दिवस रजा टाकून ती मुंगीला डॉक्टरांकडे घेऊन गेली, बाबाही आले. मी आईच्या मांडीवर होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव एकदाच सांगितलं आणि एक निळा पंप दिला.

“हा कायम हाताशी पाहिजे. घरी, शाळेत, खेळताना. धाप लागली की लगेच. आणि ती जिथे जाईल तिथल्या मोठ्या माणसांना माहीत पाहिजे. घाबरण्यासारखं काही नाही, लपवण्यासारखं तर नाहीच.”

आईने मान हलवली. बाबांनी नाही हलवली.

घरी आल्यावर बाबांनी तो पंप दुकानातून आणलेल्या चष्म्याच्या डबीत ठेवला. डबी आपल्या एका काळ्या मोज्यात घातली. मोज्याला गाठ मारली आणि ती गुंडाळी माझ्या तळाशी, मुलांच्या जादा कपड्यांखाली सारली.

“बाहेरच्या कप्प्यात राहू दे ना,” आई म्हणाली. “पटकन मिळेल.”

“बाहेरच्या कप्प्यात कुणाचाही हात जातो.”

“मग जाऊ दे की.”

“नको. कुणी विचारलं तर सर्दी आहे म्हणायचं.”

 मला वाटलं, आता आई बोलेल. तिने माझी चेन लावली.

त्या दिवसापासून आजाराचं ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही. पंपालाही नाव राहिलं नाही. घरातून निघताना आई विचारायची, “ते घेतलंस?” बाबा म्हणायचे, “आहे तळाशी.” बागेत, बाजारात, वाचनालयात मुंगीला धाप लागली की आई तिला उचलून आडोशाला न्यायची. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, स्वच्छतागृहात. तिथे मला गुडघ्यावर घेऊन कपडे उपसायचे, मोजा शोधायचा, गाठ सोडायची, डबी उघडायची. मी मनातल्या मनात मोजायचे. मोजता मोजता मुंगीचे ओठ फिके पडायचे.

मावशी एकदा प्राणिसंग्रहालयात बरोबर होती. ती आईची धाकटी बहीण, तिच्या जिभेला लगाम नाही. “काय गं ताई, तुम्ही दोघी सारख्या कुठे गायब होता?”

“हिला शू लागली होती.”

“दर पंधरा मिनिटांनी? पोर आहे की नळ?”

आई हसली नाही. मावशीने मुंगीच्या गळ्याखाली श्वासाबरोबर पडणारा खळगा पाहिला, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. आणि ज्या मावशीला शेजाऱ्याच्या टकलावरही बोलल्याशिवाय राहवत नाही, तिने मुंगीला उगीचच स्वेटर चढवला आणि म्हणाली, “चला, माकडं बघू.”

त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर टाकीमागे, मुंगीने पंप ओढून झाल्यावर विचारलं, “आई, आपण काही चोरलंय का?”

 आई पंप पुसत राहिली. फार वेळ पुसला.

मित्रांनो, पिशवी घ्यायला जाल तेव्हा आमच्या आईसारखी पारखून घ्या. चेन एका हाताने ओढून बघा, शिवण बघा, आतला रंग उजळ आहे का बघा, भरल्यावर खांद्याला टोचते का तेही बघा. पण घरी आणल्यावर तिच्यात काय आणि कुठे ठेवता, ते दुकानदार सांगणार नाही. एका श्वासात हाताला लागावी अशी वस्तू वर ठेवा. वजनाने पिशवी थकत नाही. रोज गच्च मिटून बसावं लागतं, त्याने थकते. मुलंही त्यानेच थकतात.

या वर्षी मुंगीच्या शाळेची सहल ठरली, मोठ्या उद्यानात. पालकांनी भरायचा कागद आला. बाबांनी मला मांडीवर आडवी घेतली, कागद माझ्यावर ठेवला आणि लिहू लागले. नाव, इयत्ता, पत्ता. मग ‘काही आजार असल्यास’. तिथे पेन थांबलं. मग त्यांनी ‘नाही’ असं इतकं दाबून लिहिलं की ते माझ्या कापडात उमटलं.

“अरे, वर्गाच्या बाईंना तरी सांगूया,” आई म्हणाली.

“मी जातोय ना मदतनीस पालक म्हणून. मी असताना बाईंना कशाला?”

“आणि तू नसशील तेव्हा?”

“वर्गात एकदा नाव पडलं की सुटत नाही,” बाबा म्हणाले.

हे त्यांना कसं माहीत, हे आईने विचारलं नाही. मीही तेव्हा विचार केला नाही.

उद्यानात त्या दिवशी गवत कापत होते. हवेत हिरवा, ओला वास होता. तीस मुलं पकडापकडी खेळत होती आणि मुंगी सगळ्यात पुढे होती. मुठी आवळून धावते ती. बाई म्हणाल्या, “मुंगीचे बाबा, जरा मुलांच्या बाटल्या भरून आणता का?” बाबांनी मला बाकावर ठेवलं. “ही जरा बघा,” एवढंच ते बाईंना म्हणाले, आणि दहा बाटल्या कवटाळून नळाकडे गेले. नळ पार झाडांच्या काचघराच्या पलीकडे होता.

ते दिसेनासे झाले आणि मुंगी बाकाशी आली. तिने एक हात माझ्यावर टेकला. तो हात ओला आणि गार होता.

“काय गं, फार पळालीस?” बाईंनी विचारलं. “बस जरा.”

मुंगी बसली. तिचे खांदे कानापर्यंत चढत होते. “पि...शवी,” ती म्हणाली.

बाईंनी माझी चेन ओढली. चेन झरकन उघडली, तिचा काही दोष नाही. बाई हुशार होत्या, घाबरल्या नाहीत. त्यांनी पाणी काढलं, मुंगीला ते गिळवेना. रुमाल काढला. केळं काढलं, पट्ट्या, खोकल्याची गोळी, ढब्बूची मोटार. एकेक वस्तू नीट बाकावर मांडली. मग जादा फ्रॉक. मग तो काळा मोजा.

“हा बाबांचा मोजा कशाला आणलास बाई,” असं म्हणून, आत चष्म्याची डबी चाचपून, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा माझ्यात हात घातला. पण मी रिकामी झाले होते.

मुंगीचा हात मोज्याकडे गेला. बोटं गाठीला लागली. तेवढ्यात तिने वर पाहिलं. खेळ थांबला होता आणि सगळी मुलं बाकाभोवती गोळा झाली होती. मुंगीने हात मागे घेतला. मग, मित्रांनो, तिने तो मोजा बाकावरच्या जादा फ्रॉकखाली सारला. तीन वर्षं तिला तेच शिकवलं होतं.

“हिचे बाबा कुठे आहेत? बोलवा त्यांना, पळा,” बाई म्हणाल्या, आणि दोन मुलं पळाली.

बाबा आले ते बाटल्या वाटेत टाकून. त्यांनी बाकावरचा फ्रॉक उचलला, मोजा घेतला, मला खांद्यावर टाकलं आणि मुंगीचा दंड धरला. “चल. तिकडे जाऊ, भिंतीमागे. चल बाळा.”

मुंगी उठली. तीन पावलं चालली आणि तिचे गुडघे दुमडले. बाबांनी तिला गवतावर टेकवलं आणि वाकले. मी त्यांच्या बरगड्यांवर आपटले, आणि तिथे मला एक आवाज ऐकू आला. बारीक, लांब शिट्टीचा. मुंगीचा नव्हता. ती तर माझ्यापासून हातभर लांब होती.

“मला सांगा हिला काय होतंय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. “तुम्ही कागदावर काही लिहिलं नाहीत. दवाखान्यात फोन लावला तर काय सांगू मी?”

बाबांनी मुलांकडे पाहिलं. सगळ्यांकडे, एकेकाकडे. त्यांच्या मुठीत मोजा होता आणि मूठ उघडत नव्हती.

“तिला,” ते म्हणाले आणि थांबले.

मुंगीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्याजवळ उरलेला सगळा श्वास गोळा करून, बाबांना सोपं जावं म्हणून, ती बाईंना म्हणाली, “सर्दी... आहे.”

बाबा गवतात मटकन बसले. त्यांनी दातांनी मोज्याची गाठ सोडली, डबी उघडली, पंप हलवला आणि तीस मुलांच्या देखत मुंगीच्या ओठांशी धरला.

“सर्दी नाही, बाई,” ते म्हणाले. “हिला दमा आहे. मलाही आहे, हिच्याएवढा होतो तेव्हापासून. घे बाळा, इथेच घे.”