ताईची खाट काढली तेव्हा

भाषेच्या बाई निबंधांना वैतागल्या होत्या. ‘माझे घर’ या विषयावर अख्ख्या वर्गाची घरं लहान पण नीटनेटकी निघाली होती. मग त्यांनी वर्गाचा ब्लॉग सुरू केला. मुलांनी तिथे लिहायचं, घरच्यांनी वाचायचं. अट एकच, खाली नुसतं ‘छान’ लिहून सुटायचं नाही, प्रश्न विचारायचा.

वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून जिला टिल्ली म्हणत, तिने संगणकाच्या खोलीत बसून आपला जुनाच निबंध टाइप केला, ‘घराला छान खिडकी आहे’ या वाक्यासकट. संध्याकाळी घरी आईच्या फोनवर बघितलं तर त्याखाली प्रश्न आला होता, “कुठली खिडकी? तिची कडी अजून अडकते का?”

प्रश्न ताईचा होता. ताई दूरच्या शहरात नर्स होती. फोनवर तिची गाडी ‘जेवलीस का, अभ्यास कर’च्या पुढे जात नसे.

टिल्लीला आधी रागच आला. तरी ती उठून खिडकीपाशी गेली. कडी अडकत नव्हती, बाबांनी तेल घातलं होतं. तिने तसं लिहिलं. लगेच पुढचा प्रश्न, “आणि तेलाचे हात बाबांनी शर्टालाच पुसले असतील?”

असं होता होता टिल्ली नीट बघायला लागली. आई दोरा दातांनी तोडते, शेजारच्या काकू जिना चढताना प्रत्येक वळणावर स्वतःशीच भांडतात, सगळं ब्लॉगवर जाऊ लागलं. बाई म्हणाल्या, “आता तुझं घर मी पत्ता न विचारता शोधीन.”

मग एकदा तिने लिहिलं, की ताईची खाट काढून तिथे आईचं शिलाई मशीन ठेवलंय, तिथे उजेड चांगला येतो.

त्यावर प्रश्न आला नाही. आठवडा गेला तरी नाही. टिल्ली बाईंकडे गेली.

“बाई, मला ते पुसून टाकायचंय.”

“खोटं लिहिलंस का?”

“नाही.”

“मग काही लिहायचं राहिलंय का?”

घरी येऊन टिल्लीने खाली आणखी दोन ओळी जोडल्या. ‘आता मी खाली गादीवर झोपते, पण अजून ताईची जागा सोडून भिंतीला चिकटूनच. आई म्हणते, ऐसपैस झोप की आता, पण मला जमत नाही.’

रविवारी ताईचा फोन आला.

“ताई, ऐकू येतंय ना?”

“येतंय गं. मशीन तिथे ठेवलं ते बरंच केलं.” ताई म्हणाली, “पण मी आले की झोपू कुठे?”

“माझ्याजवळ.”

“लाथा मारतेस तू.”

“नाही मारणार. कधी येतेस?”

“सुट्टीच मिळत नाहीये. इथे माणसं कमी आहेत.”

आईने मशीन थांबवून फोनसाठी हात पुढे केला.

त्या वर्षी ताई आली नाही. प्रश्न मात्र येत राहिले. शेवटी टिल्लीनेच उलटा प्रश्न टाकला, “तुझ्या खोलीत सकाळी सगळ्यांत आधी काय ऐकू येतं?”

उत्तर दोन दिवसांनी आलं, चांगलं लांबलचक. टिल्लीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

“परत वाच,” आई म्हणाली.