आढी की थंड खोली?

मित्रांनो, आंब्याच्या चिकाचे डाग अंगावर घेऊन भिंतीवर टांगलेला मी एक जुना पडदा आहे. बोटाने दाबायचा, संगणकाचा पडदा. माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला, पण ते मला फारसे आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती ट्रकमधून घाट उतरून रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, कातळाच्या पठारावर आलो तिथून. चहूकडे उघडा जांभा दगड, मधोमध पत्र्याचे मोठे पॅकिंग हाऊस, आणि आत हापूसचा असा वास, की माझ्यासारख्या काचेच्या जिवालाही तो जाणवावा.

मालक होते दत्तात्रेयभाऊ. आसपासच्या बागायतदारांचा आंबा ते घेत, प्रतवारी करत आणि पुढे पाठवत. क्रेट आले की माझ्यावर बागायतदाराचे नाव निवडायचे आणि माल कुठे न्यायचा त्याचे बटण दाबायचे. मग खालच्या यंत्रातून चिठ्ठी निघे. ती क्रेटवर चिकटली की हमाल क्रेट उचलत. परदेशी जाणारा माल थंड खोलीत, इथल्या बाजाराचा माल पिकवायच्या खोलीत. त्या खोलीला सगळे आढीच म्हणत. गवतात आंबे पिकत घालणे इथे केव्हाच बंद झाले होते, शब्द तेवढा राहिला होता.

माझ्यासमोर दर्शना उभी असे. बारावी झालेली, हाताला चपळ. नवरा मुंबईला कामाला, घरी सासू आणि लेक. या जागेवर नेमणूक झाली तेव्हा तिने माझी काच ओढणीने पुसून मला नमस्कार केला होता. पण माझ्या अंगावरची बटणे मात्र विचित्र होती. थंड खोलीचे बटण होते 'प्रोसीड' आणि आढीचे 'प्रोसेस'. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही करडी, एकमेकांना खेटून. एकदा दाबले की दाबले. मागे फिरायची वाट नाही.

व्हायचे तेच झाले. हेदवीचे भिकाजी पहिल्यांदाच परदेशासाठी आंबा घेऊन आले होते. एकेक फळ त्यांनी लेकराला न्हाऊ घालावे तसे पुसून आणलेले. त्या दिवशी दारात गाड्यांची रांग लागली होती, हमाल ओरडत होते. दर्शनाचे बोट शेजारच्या बटणावर पडले. भिकाजींचे क्रेट आढीत गेले आणि चूक ध्यानात येईपर्यंत फळे पिवळीधमक झाली होती. विमानाने जाण्याजोगे त्यात काही उरले नव्हते.

निरोप मिळताच भिकाजी हेदवीहून आले आणि अंगणातच थांबले. मग म्हणाले, "पोराला सांगून आलेलो हो, आपला आंबा समुद्रापल्याड जातोय म्हणून."

दत्तात्रेयभाऊंचा संताप झाला. "अगो दर्शना, एक बटण दाबायचं, तेवढंही नीट जमू नये? उद्यापासून प्रतवारीच्या टेबलावर जा."

दर्शनाने ओढणीने माझी काच पुसली आणि ती बाजूला झाली. मला तोंड असते, तर मी बोललो असतो.

भाऊंनी माझे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन करून खडसावले, "आमच्या माणसांना शिकवायला कुणीतरी पाठवा." आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत थोर व्यक्ती त्या फोनमुळे माझ्यासमोर आली. तिचे नाव मनस्विनी. दापोलीला शेतीचे शिक्षण घेतलेली, पुढे पडद्यांची रचना करण्याच्या कामात शिरलेली. आली, रिकामा क्रेट उलटा घातला आणि त्यावर बसून राहिली.

"शिकवायला कधी सुरुवात करताय?" भाऊंनी विचारले.

"आधी बघते, काका. बघितल्याशिवाय काय शिकवू?"

दुपारपर्यंत ती बघत होती. मग तिने दर्शनाला टेबलावरून बोलावले. "तुम्ही हे करताना मनात जे येतं ते मोठ्यानं बोलाल का?"

दर्शना घाबरत बोलू लागली, "हे नाव... आता थंड खोली... म्हणजे हे... नाही, थांबा हां, हे."

मनस्विनीने मान हलवली. ती हसली नाही, तिने चूकही दाखवली नाही. तिने भाऊंनाच हाक मारली. "काका, एकदा तुम्ही करून दाखवता?"

"त्यात काय मोठं!" भाऊ पुढे झाले. नेमकी तेव्हाच गाडी आली. हमालांचा गलका, खिशात वाजणारा फोन. भाऊंनी नाव निवडले, ऐटीत बटण दाबले. चिठ्ठी बाहेर आली. माल परदेशी जायचा होता आणि चिठ्ठीवर होती आढी.

भाऊ पुटपुटले, "बोट घसरलं."

"घसरलं नाही, काका," मनस्विनी हळूच म्हणाली. "आमच्या पडद्यानं घसरवलं. दर्शनाताईंचंही त्यानंच घसरवलं. चूक आमची आहे. मी ती दुरुस्त करून देते."

भाऊंनी चिठ्ठी फाडून टाकली. दर्शनाकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून इथंच उभी राहा गो."

मग जे घडले त्याची गंमत मला आजही वाटते. मनस्विनीने कागदावर मोठमोठी बटणे रंगवली आणि ती माझ्या काचेवर चिकटवली! संगणकाला हात लावण्याआधी कागद दाबून बघायचा, अशी तिची रीत. थंड खोलीसाठी तिने हिमाची सुबक चांदणी काढली होती. प्रतवारी करणाऱ्या सोनूबाईंना तिने विचारले, "आजी, ही कसली खूण वाटते?"

सोनूबाईंनी चष्मा सावरला. "ही? दारातली रांगोळी नाय काय गो बाय?"

सगळे खो खो हसले. मनस्विनी सर्वांत जास्त हसली आणि तिने ती चांदणी स्वतःच्या हाताने काढून टाकली. रागाचा लवलेश नाही! आपण मन लावून केलेली वस्तू इतक्या सहज टाकून देणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

तिची नवी बटणे माझ्यावर आली तेव्हा मी मलाच ओळखले नाही. वरच्या टोकाला निळे, 'थंड खोली'. खालच्या टोकाला पिवळे, 'आढी'. लोकांच्या तोंडचे शब्द, लोकांच्याच लिपीत. आणि बटण दाबले की चिठ्ठी निघण्याआधी मी मोठ्या अक्षरांत सांगू लागलो, कोणाचा माल कुठे चालला आहे. त्याखाली आणखी एक बटण: 'परत फिरवा'.

पुढच्या हंगामात भिकाजी पुन्हा आले. मन घट्ट करून आले असावेत, कारण ते आत न येता बाहेरच कोकम सरबताचा पेला घेऊन बसले. मेच्या उन्हाचा तडाखा होता, गाड्या खोळंबल्या होत्या. घाईत दर्शनाचा हात खालच्या बटणावर पडला. मी लगेच पिवळा झालो: 'भिकाजी, हेदवी. माल आढीत चालला आहे.' तिने 'परत फिरवा' दाबले, मग निळे. चिठ्ठी निघाली. हमाल क्रेट उचलून थंड खोलीकडे गेले.

कोणालाच काही कळले नाही. भाऊ फोनवर बोलत होते, सोनूबाई फळे निवडत होत्या, भिकाजी सरबत पीत होते. त्यांचा आंबा समुद्रापल्याड गेला. त्या क्षणी दूर शहरात बसलेल्या मनस्विनीलाही काही कळले नसेल. पण चांगल्या कामाची थोरवी हीच, की ते होऊन जाते आणि कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. ते पाहणारे आम्ही दोघेच, दर्शना आणि मी. तिने फक्त माझ्या काचेवर तळवा ठेवला.

मित्रांनो, आता माझा एक कोपरा बधिर झाला आहे, बोट दोनदा दाबावे लागते. लवकरच माझ्या जागी नवा पडदा येईल. जाण्याचे दुःख आहेच, पण मनस्विनीची बटणे त्याच्यावरही असतील, याचे समाधान मोठे आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल, इतरांसाठी काहीबाही घडवाल. घडवण्याआधी ज्याच्यासाठी घडवता त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि कुणाच्या हातून चूक झाली, तर त्याच्यावर रागावण्याआधी तेच काम, तेवढ्याच घाईत, एकदा स्वतः करून बघा.