कावडीवर आलेला आळ

मी एक जुनी कावड आहे, मित्रांनो. व्हिएतनामात ह्युए शहरालगत माझं गाव. माझी मालकीण लुआ. तिच्या नवऱ्याने मला तिच्या खांद्याच्या मापाने बांबूतून तासलं आणि हंगामभर चुलीवरच्या धुरात मुरवलं. आमच्याकडे कावड कुणी उसनी देत नाही. एकीची दुसरीच्या खांद्याला बसतच नाही.

माझ्या एका टोकाला सोयाच्या मऊ दह्याचा हंडा, दुसऱ्याला आल्याचा पाक आणि वाट्या. मी लवले की लुआ पाऊल टाकायची. वीस वर्षं गल्लोगल्ली ते दही विकत आम्ही दोघी अशा चाललो. मी अगदी निर्दोष आहे असं नाही. माझ्यामुळे तिच्या खांद्याला घट्टा पडला, कंबरही भरून यायची. पण खांदा बदलला की ती पुन्हा चालू लागे. भातलावणीत मात्र दिवसभर वाकून आली की तिला धड उभं राहता येत नसे.

मग तिची लेक हिएन म्हणाली, "आई, पुरे झाली ती वणवण. आमच्या शिलाई कारखान्यात ये. बसून काम, पाठीला आराम."

मी भिंतीला टेकले. लुआ बिनपाठीच्या स्टुलावर मान खाली घालून दहा-दहा तास बसू लागली. दोन वर्षांत तिची पाठ अशी धरली की चप्पलही दुसऱ्याने घालावी.

"त्या स्टुलाने माझी पाठ खाल्ली गं," ती शेजारणीला म्हणाली. "पण पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या नोकरीसाठी किती जणांच्या हातापाया पडली ती."

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका आली. "कशाने झालं हो, मावशी?"

लुआने हिएनकडे पाहिलं. "त्या कावडीने. वीस वर्षं वाहिली ना."

"मी सांगत नव्हते?" हिएन म्हणाली.

माझ्या काळजाला घरं पडली. परक्याने आळ घेतला असता तर सोसला असता. जिच्या खांद्यावर जन्म काढला, तिनेच माझा घात केला. आणि खांद्यावरचा घट्टा सगळ्यांना दिसतो. बसून आखडलेली पाठ कुणाला दिसते?

आता मी अंगणातल्या केळीला टेकू देऊन उभी आहे. काल हिएन कारखान्यातून कमरेवर हात ठेवून आली.

"आई, तो बाम दे गं. मी तर कधी कावड उचललीसुद्धा नाही, मग मला कसं हे?"

लुआ बामाची डबी उघडत राहिली.

मित्रांनो, माझ्यावरचा आळ राहू द्या. पण पाठ कशाने गेली, ते आपल्या लेकरांना तरी खरं सांगा.