छपरावरचे दगड आणि मी

मित्रांनो, मी सायकलचे एक जुने चाक आहे, आणि त्यातही पुढचे. मागच्या चाकाला साखळी असते, म्हणून त्याला वाटते की सायकल आपल्याच जिवावर चालते. वाटू दे बापडे. पण खड्ड्यात आधी कोण आपटते आणि चिखल आधी कोणाच्या तोंडावर उडतो, हे तुम्ही ओळखालच.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही, स्वयंपाकघरात झाला. विपावाच्या खोऱ्यात, नानोस डोंगराच्या पायथ्याशी इवांकाचे घर आहे. ती सायकली दुरुस्त करते. एका दुपारी चुलीवर आंबट कोबी आणि राजम्याची दाट आमटी, म्हणजे आमची योता, रटरटत होती आणि इवांका मला मांडीवर घेऊन एकेक तार ओवत होती. तार बोटाने छेडायची, कान देऊन आवाज ऐकायची, मग किल्ली जराशी फिरवायची. माझा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्याच्या नादात योता बुडाला लागली. घरच्यांनी ती तशीच खाल्ली, पण मी कुठेही डुगडुगत नव्हते.

मला बांधले होते तिच्या लेकीसाठी. दाम्याना तेव्हा नुकतीच गावच्या सायकल क्लबात जाऊ लागली होती. तिला वेळेची शर्यत आवडायची. या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाला सोडतात आणि ज्याने त्याने घड्याळाशी पळायचे. कोणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवायची सोय नाही. दाम्यानाने माझ्यावर पुष्कळ शर्यती केल्या. काही जिंकल्या, काही हरल्या. जिंकली की ती माझ्यावरचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसायची. ते दिवस फार छान होते.

मग नवे चाक आले. काळे, चकचकीत, हाताच्या पंजाएवढ्या रुंद काठाचे. समोरून येणारा वारा ते सुरीसारखे कापायचे, हे मलाही कबूल करावे लागते. मी कोठारात गेले. मागच्या भिंतीला, दाताळ्याच्या आणि फुटक्या टोपलीच्या मागे एक खिळा होता, त्यावर मला टांगले. तिथे कोळ्याने माझ्या तारांत जाळे विणले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

आता तुम्हाला बुर्याबद्दल सांगायला हवे. बुर्या म्हणजे आमच्याकडचा वारा. हिवाळ्यात ती नानोसवरून खाली कोसळते आणि बाजूने धक्के देते. तिच्यासाठी इथल्या घरांच्या छपरांवर दगड ठेवलेले असतात, नाहीतर कौले शेजारच्या गावात सापडायची. एवढे असूनही आमच्या माणसांचा तोरा असा, की एखादा ट्रक आडवा होईपर्यंत ती तिला वारा म्हणतच नाहीत. परगावच्या कोणी शर्यत पुढे ढकलायला सांगितली, तर आठवडाभर त्याची टिंगल चालते.

हिवाळा सरता सरता, एका मार्चमध्ये, शर्यत चालू असताना बुर्याने दाम्यानाच्या नव्या चाकाला बाजूने धरले. रुंद काठ शिडासारखा भरला आणि ती दगडी कमानीपाशी रस्त्यावर आपटली. गळ्याजवळचे हाड मोडले. हाड जुळून आले, पण खानावळीतली जीभ कोण धरणार? सुरुवातीच्या रेषेवर स्पर्धक सुटेपर्यंत त्याची सायकल धरून उभा राहणारा झ्द्राव्को दिसेल त्याला सांगायचा, "आपल्या खोऱ्यातली पोर आणि बुर्याला घाबरते!" खरे तर ती घाबरली नव्हती, पडली होती.

पुढच्या हिवाळ्यात दाम्यानाने कंबर कसली. दिवसभर द्राक्षमळ्यात वेलींची छाटणी करायची आणि काम उरकले की सायकल काढायची. बर्फ साचू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेले असायचे. त्याने नवे चाक खराब होऊ नये म्हणून तिने मला खाली काढले. सणाला नवे आणि कामाला जुने, असा तो प्रकार होता. पण मला आनंदच झाला. आम्ही पावसात नानोस चढलो, गारा अंगावर घेतल्या. कधी तिची बोटे इतकी बधिर व्हायची, की घरी आल्यावर आईला तिच्या बुटांचे बंद सोडावे लागायचे. हे सगळे एका गोष्टीसाठी होते. मार्चमधल्या शर्यतीत जी पहिली येईल, ती एकटीच आमच्या भागातून देशाच्या शर्यतीला जाणार होती.

शर्यतीच्या सकाळी मी पुन्हा माझ्या खिळ्यावर होते आणि बाहेर बुर्या घोंघावत होती. पावसाचे थेंब आडवे उडत होते. दाम्यानाने नवे चाक बसवले आणि सायकल घेऊन ती दाराबाहेर पडली. एका धक्क्यासरशी सायकलचे पुढचे टोक उचलले गेले आणि भिंतीवर आदळले. तेवढ्यात इवांका आली.

"जुनं लाव," ती म्हणाली.

"नाही लावणार."

"का? त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"आई, ते लावून गेले तर झ्द्राव्को म्हणणार, बघा, घाबरली. याच चाकावरून पडले होते ना मी? मग याच्यावरच जाऊन दाखवणार."

"कोणाला दाखवणार? झ्द्राव्कोला? त्याला तर खानावळीतून घरी जाताना भिंत धरावी लागते, बुर्या नसली तरी!"

दाम्यानाला हसू आले, पण तिने ते दाबले. इवांकाने वर बोट दाखवले. "ते छपरावर दगड कोणी ठेवलेत?"

"कोणी म्हणजे? मीच तर सारखे केले, घसरले होते ते."

"मग आपलं घर भित्रं आहे का गं?"

दाम्यानाने पावसातच मान वर करून छपराकडे पाहिले. मग ती परत आत आली, फुटकी टोपली बाजूला सारली आणि मला खाली काढले. नवे चाक उतरवून तिने मला सायकलला बसवले. माझ्या तारा थरथरत होत्या, पण मी ते वाऱ्यावर ढकलले.

सुरुवातीच्या रेषेवर त्या दिवशी सायकल धरायला दोन माणसे लागत होती. त्यातला एक अर्थातच झ्द्राव्को. मला पाहून तो म्हणाला, "अगं, हे काय म्युझियममधून आणलंस?"

"घट्ट धर काका, नाहीतर तूच उडशील," दाम्याना म्हणाली, आणि आम्ही सुटलो.

मित्रांनो, असा रस्ता मी कधी कापला नव्हता. बुर्या उजव्या बाजूने येत होती, पण माझे काठ अरुंद आणि तारांमधून सगळी मोकळीच मोकळी जागा. तिला धरायला माझ्यात काही सापडेना. ती माझ्यातून शिट्टी वाजवत निघून जायची. मी जोरात पळत नव्हते, नेटाने पळत होते. दाम्यानाचे पाय मात्र हिवाळाभर जे शिकले होते ते सगळे वसूल करत होते.

दगडी कमान दिसली तशी तिची बोटे ब्रेककडे गेली. ती घाबरली हे मला कळले, कारण माझ्यावर भार एकाएकी बदलला. तिथेच धक्का आला. आम्ही हातभर डावीकडे सरकलो. पण मी रस्ता सोडला नाही, आणि तिने ब्रेक दाबला नाही. कमान मागे पडली. ती मोठ्याने ओरडली, रागाने नव्हे, नुसतीच ओरडली.

थोडे पुढे उर्शका रस्त्याच्या कडेला उभी होती. ती आमच्या आधी सुटलेली, सगळ्यांत तयारीची स्पर्धक. तिचे रुंद काठांचे चाक वाऱ्यावर हिसके देत होते आणि ती दोन्ही हातांनी सायकल आवरत होती.

"लागलं का गं?" दाम्यानाने विचारले.

"नाही! तू जा, थांबू नकोस!"

आम्ही पहिल्या आलो. फरक थोडाच होता, कारण उर्शकाही पुन्हा सायकलवर चढली आणि शेवटपर्यंत झुंजली. दाम्यानाने तिला मिठी मारली, मग आईला, आणि मग रुमाल काढून माझ्यावरचा चिखल पुसला. कितीतरी वर्षांनी!

दुसऱ्या दिवशी झ्द्राव्को टोपी हातात घेऊन दारात हजर. "इवांका, माझ्या पुतणीला असं एक चाक बांधून देशील का?"

"देईन की. पण योता करपली तर तू खायचीस."

देशाची शर्यत बिनवाऱ्याच्या सपाट गावी झाली. तिथे नवे चाक गेले, आणि तेच योग्य होते. मला त्याचा हेवा वाटत नाही. तुम्हीही मित्रांनो, नवे जरूर घ्या, पण जुन्याला विसरून गंजू देऊ नका. अधूनमधून तारा छेडून बघा, तेलाचा थेंब द्या, एवढेच मागणे आहे.

दरवर्षी बुर्याचे दिवस जवळ आले की दाम्याना शिडी लावून छपरावरचे दगड सारखे करते. खाली उतरली की त्याच हातांनी माझ्या तारा तपासते. त्यासाठी तिला आता टोपली बाजूला सारावी लागत नाही. शर्यतीच्या संध्याकाळीच तिने कोठाराच्या दाराजवळ, आत शिरताच हात पोहोचेल अशा उंचीवर, माझ्यासाठी नवा खिळा ठोकला आहे.