दांड्याची पिन

वेंकोजीरावांनी सळईचं टोक ग्राइंडरला टेकवलं आणि डोळे बारीक करून ठिणग्यांकडे पाहिलं. लांबट, पिवळसर, न फुटणाऱ्या. म्हणजे साधं, मऊ पोलाद. आधीच्या पिनेच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या तडतडल्या होत्या, तेव्हा या गृहस्थांना कोण आनंद झाला होता!

पोस्टातून निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेला छोटा लेथ मागच्या पडवीत होता आणि लागूनच्या खोलीत पत्नीची, अंबुजाबाईंची खाट. अर्धांगवायूनंतर त्या वर टांगलेल्या दांड्याला धरून उठून बसत. दांड्याचा सगळा भार एका पिनेवर. ती जन्मभर टिकावी म्हणून वेंकोजीरावांनी जुन्या गाडीच्या आसातून कातली, वर लालबुंद तापवून तेलात बुडवून आणखी कडक केली. परवा ती काडकन तुटली. बाई उशीवरच पडल्या म्हणून निभावलं.

मऊ पोलाद कातायला मोठं चिवट. कड ओरबाडल्यासारखी निघायला लागली. त्यांनी पुन्हा हत्याराला धार लावली, तेल सोडलं. कंबर भरून आली होती. रात्री तीनदा उठून तिला कुशीवर वळवायचं, सकाळी अंघोळ, मग चूल. आठ महिने एकट्यानं रेटत होते आणि आता खरोखर जीव नकोसा झाला होता.

"अय्यो, साकु की! पुरे आता! किती वेळ कातताय?" आतून आवाज आला.

"झालंच."

पिन बसवताना ते स्टुलावर जरा डगमगले. अंबुजाबाईंनी ते पाहिलं.

"भार जास्त झाला तर ही वाकेल," ते म्हणाले.

"वाकेल? मग केली कशाला हो?"

"वाकली की डोळ्यांना दिसेल. कडक होती ती काही कळूच देत नव्हती. एकदम तुटली."

अंबुजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. बंगळूरहून यशस्विनी. लेकीची रोजची वेळ, रोजचाच प्रश्न.

"अप्पा, कसं चाललंय? येऊ का मी चार दिवस?"

रोजचं ठरलेलं 'पर्वागिल्ल, ठीक आहे, सगळं मजेत' ओठांवर आलंच होतं. वेंकोजीराव खाटेच्या कडेवर बसले. तेलकट फडकं मांडीवर तसंच राहिलं.

"ये," ते म्हणाले. "फार दमलोय गं."