हात धुवायचा धडा

चातुर्मासात मी मौन धरून जेवते. जेवताना शब्द गेला की पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिस एका परदेशी मदतसंस्थेचं. युद्धानंतरच्या अफगाणिस्तानात नळाचं पाणी पोचवायचं काम २००२ साली तिथून चाले, आणि मी तिथे सेक्रेटरी.

अफगाण गावांत स्वच्छता शिकवायला जाणारी बारा गोरी तरुण मंडळी श्रावणात ट्रेनिंगला आली. ट्रेनरबाईंना प्रात्यक्षिकासाठी "खरा अफगाण" हवा होता. माझ्या ट्रेमध्ये हमदुल्लांचा अर्ज पडून होता. हेरातच्या पाणीपुरवठ्यात सतरा वर्षं इंजिनिअर, आता इथेच, दुबईतल्या देऱ्यात, एका दुकानात पंप दुरुस्त करायचे. आमच्या प्रकल्पाचे इंजिनिअर होऊन त्यांना घरी परतायचं होतं. दोन महिन्यांत माझ्याशिवाय तो कुणी उघडलाही नव्हता. म्हटलं, या निमित्ताने साहेबांच्या नजरेसमोर तरी येतील. मीच फोन केला.

दुपारचा नमाज आटोपून आले. इस्त्रीचा शर्ट, नमाजाआधी वजूसाठी हात धुतल्यामुळे बाह्या अजून ओलसर.

"हा शर्ट नको, फार नीटनेटका आहे," बाई म्हणाल्या.

आमचा अकाउंटंट सतीश वेअरहाऊसमधली मालावर टाकायची घोंगडी घेऊन आला. रॉकेल आणि उंदराच्या मुताचा वास. बाईंनी ती हमदुल्लांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बस पाँच मिनट, भाईसाब," मी पुटपुटले. "बाद में साहब से मिलवाती हूँ."

बाईंनी साबणाची वडी त्यांच्या नाकासमोर धरली. "धिस... इज... सोप." मग त्यांचे दोन्ही हात पकडून बादलीत बुडवले. दिवसातून पाच वेळा कोपरापर्यंत हात धुणारा माणूस! "जरा बावरल्यासारखं करा ना!" ते बावरले. बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.

दीड वाजता सगळे पँट्रीत जेवायला बसले. हमदुल्ला बाहेर बाकावर थांबले होते. मी डबा उघडून चित्राहुती घातली आणि मौन धरलं.

साहेब म्हणाले, "हेरातला इंजिनिअर अजून मिळत नाही. कुणी अफगाण नाहीच का?"

"इतक्यात कुठला?" बाई सॅलड चावत म्हणाल्या. "त्या लोकांना अजून दहा वर्षं तरी हाताला धरून चालवावं लागेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुचित्रा, अर्ज आलेत का?"

"सुचित्राताई आत्ता म्यूट आहेत सर," सतीश हसला. "डबा खलास झाला की बोलतील."

हातात दुसराच घास होता. तो मी परत डब्यात ठेवला.

"आलाय, सर. सतरा वर्षांचा अनुभव. बाहेर बसलेत."

"कोण?"

"आत्ता ज्यांना हात धुवायला शिकवलं, ते."

सतीशचं हसू मावळलं. साहेबांनी अर्ज मागवला, शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण ही बारा मुलं त्याच्या हाताखाली काम करणार. त्यांनी त्याला असं पाहिल्यावर आता त्याचं ऐकतील का?"

बाई म्हणाल्या, "हे मला आधी सांगायचं नाही का? मी दुसरा कुणी शोधला असता."

फोन मीच केला होता. मी अर्ज उचलला आणि बाहेर गेले. घोंगडी घडी करून हमदुल्लांनी शेजारी ठेवली होती.

"इंटरव्ह्यू, बहनजी?"

मला मान वर करवेना. मी कागद पुढे केले. त्यांनी सर्टिफिकेटं तपासली, खिशात ठेवली.

बाई मागोमाग आल्या. "सुचित्रा, त्यांना सांग, उद्या दुसरी बॅच आहे. याच वेळी या म्हणावं."

नेम तर मोडलाच होता, तरी मी तोंड उघडलं नाही.

हमदुल्लाच बोलले, स्वच्छ इंग्रजीत. "माफ करा, मॅडम, उद्या मला काम आहे. आणि त्या बादलीला तोटी बसवून घ्या. एकाच पाण्यात सगळ्यांनी हात बुडवले तर साबण फुकट जातो."

बाईंचा चेहरा खुलला. "अरे वा, इंग्लिश किती छान! उद्या मात्र बोलू नका हं."

ते जिना उतरून गेले. मी घोंगडी दोन बोटांत धरून खाली नेली आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली.

वर आले तर सतीश विचारत होता, "ताई, घोंगडी कुठंय? उद्याला लागेल."