एकाच इंजेक्शनाची अट

मास्तर मंडळींना विज्ञान समजावताना सावध राहावं, हे आमच्या गाईड मॅडमनी कधी सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही. आता भोगतेय.

फ्लूची लस घेतल्यावर सत्तरी ओलांडलेल्यांच्या टी पेशी, म्हणजे विषाणूला लक्षात ठेवून लढणाऱ्या पेशी, कितपत जाग्या होतात हा माझा पीएचडीचा विषय. आधी रक्त, मग एक इंजेक्शन, महिन्यानं पुन्हा रक्त. मधे काही म्हणजे काही करायचं नाही. पण माणसं मिळतील तर शपथ! पुण्यात फुकट काही देतो म्हटलं की लोक आधी दार लावून घेतात. शेवटी विश्रांतवाडीच्या आमच्या विहारातले सीताराम ओव्हाळ सर धावून आले. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेले. त्यांनी शब्द टाकला आणि अख्खा ज्येष्ठ नागरिक संघ बाह्या वर करून बसला. मॅडमनी बजावलं होतं, ही तुकडी शेवटची. यापुढे मुदतवाढ नाही.

आज दुसरं रक्त घ्यायचं होतं. विहाराच्या हॉलमध्ये सर सगळ्यांत पुढे. दंडाला पट्टा बांधता बांधता मी ठरलेला प्रश्न विचारला, "मधे ताप, खोकला, दुसरं काही औषध?"

"छे. फक्त उजळणी केली."

"कसली उजळणी?"

"अगं आम्रपाली, तूच नाही का म्हणालीस, या पेशींना शिकवावं लागतं? एकदा सांगून कुणाच्या डोक्यात राहिलंय? गेल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जाऊन तीच लस पुन्हा टोचून घेतली. त्रास नाही ना काही?"

माझं डोकंच सणकलं.

"तुम्हाला नाही, मला आहे. एका इंजेक्शनात पेशी किती शिकतात, तेच तर बघायचं होतं, सर. आता यातलं मी काय मोजू?"

सरांचा चेहरा उतरला. वाईट वाटलं मला, पण राग त्याहून जास्त होता. पट्टा सोडला. एक माणूस गळला तर चालतं, असं स्वतःला समजावत मी रांगेकडे वळले.

"पुढचे या."

कुणी उठेना. सगळे सरांकडे बघत होते.

"त्यांना नको बोलावूस," सर हळूच म्हणाले. "आपल्या वस्तीतली पोर डॉक्टर होणार, निकाल कच्चा लागायला नको, म्हणून मी सगळ्यांनाच घेऊन गेलो होतो."